जमादार बैलाची झडती

हे कोणी मानणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सौंसरच्या एका मास्तरांनी तर ही गोष्ट अर्धी ऐकली आणि चपला घालून सरळ घरी निघून गेले. तरी ज्याला कान आहेत त्यानं ऐकावं. पांढुर्ण्याच्या वामन रेडिओवाल्यानं पिठाच्या चाळणीवर तांब्याची तार गुंडाळली, आणि त्या चाळणीनं तिगावच्या एका बैलाला भर गल्लीत चोर ठरवलं. उत्तम, तू आतापासूनच मान हलवू नको. जन्मभर तिगावजवळ रेल्वेचं फाटक लावलं आणि उघडलं तू. गाडी दिसायच्या आधी मानायची असते, हे तुला सांगायला नको.

तर पोळ्याचा दिवस. पांढुर्ण्यात रंगीत टीव्ही नुकतेच आले होते, त्या काळातला पोळा. तिगावात गजाननराव पाटलाच्या दारासमोर दोन बैल सजून उभे होते. शिंगांना बेगड, टोकांना पितळी शेंब्या, गळ्यात घुंगुरमाळा, पाठीवर आरशांची झूल. डावीकडचा जमादार. त्याची मोरखी, म्हणजे तोंडाची दोरी, धरून उभी होती पंचफुला. पाटलाच्या गोठ्याचं शेण, चारा, पाणी सगळं तिच्याकडे. बौद्ध धम्माच्या बावीस प्रतिज्ञा घेतल्यापासून तिच्या घरी बैल पुजणं केव्हाच सुटलं होतं, पण जमादार दुसऱ्या कोणाच्या हातात उभा राहत नसे. म्हणून पूजा पाटलाची आणि मोरखी पंचफुलाची, असा तो दरसालचा करार.

आता या जमादाराचं तोंड म्हणजे नगरपालिकेची कचरागाडी. त्यानं पाटलाचा दुपट्टा खाल्ला होता. तंबाखूची चंची खाल्ली होती, चुन्याच्या डबीसकट. एका निवडणुकीत त्यानं मतांची पेटी खाल्ली असंही लोक म्हणतात, पण त्याचा पुरावा नाही, म्हणून ते सोडून देऊ.

पाटलीणबाई, अलकाबाई, ताट घेऊन बाहेर आल्या. ताटात कुंकू, निरांजन, पुरणाच्या पोळ्यांची चळत, आणि आजेसासूचा सोन्याचा गोफ. घरातलं सोनं बैलाच्या कपाळाला लावायचं, ही त्या घरची जुनी रीत. अलकाबाईंनी गोफ आधी उजव्या बैलाला लावला, मग जमादाराला लावला, ताटात ठेवला, आणि कोणाला तरी हाक मारायला मान वळवली. तेवढ्यात जमादारानं ताटात तोंड घातलं. पोळ्या साफ. निरांजन विझलं. सगळी गल्ली हसली. “देव पावला!” कोणी तरी ओरडलं.

थोड्या वेळानं हसू संपलं. ताटात गोफ नव्हता.

मग शोधाशोध. झूल झटकली, माती चाळली, शेणात काठी फिरवली. पंचफुला म्हणाली, “बाई, ताटात जमादारानं तोंड घातलं ना? मी पाह्यलं. गोफ त्याच्या पोटात हाय.”

गजाननराव पाटील उसळले. “पोळ्याच्या दिवशी बैलावर आळ घेऊन राहिली? आज तो देव हाय, देव! पूजा झाली त्याची आताच, अन् तू त्याले चोर म्हनते?”

देव चोर नाही म्हटल्यावर चोर माणसातच शोधावा लागणार. पाटलानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ताटाजवळ कोण होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्या नजरा एकाच लुगड्यावर येऊन थांबल्या.

“पंचफुले,” पाटील म्हणाले, “ओटी झटक.”

तिला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग पाटील पुन्हा म्हणाले. मग तिनं मोरखी सोडली, कमरेचा ओचा मोकळा केला आणि भर गल्लीत झटकला. सुपारीचं एक खांड पडलं आणि घराची किल्ली पडली. किल्ली दगडावर वाजली तसे दोन पोरगे मान पुढे काढून पाहायला आले. बास. दुसरं काही पडलं नाही, कारण दुसरं काही नव्हतंच.

“नाई सापडला तं नाई,” पाटील म्हणाले. “पन उद्यापासून गोठ्यात येऊ नको.”

पंचफुलानं किल्ली उचलली. तिचा आवाज असा शांत निघाला की जमादारानंही कान टवकारले. “पाटील, तो गोफ बैलातून निघंन. निघाला म्हंजे तुमी याच जागी, याच लोकांसमोर, हात जोडून म्हनान, पंचफुला, माह्यं चुकलं. इतलं ध्यानात ठेवजा.”

पाटील हसले. आणि ते हसू पंचफुलाच्या छातीत जाऊन बसलं ते बसलंच.

घरी तिच्या अंगाची अशी काहिली होत होती की नवरा भिवाजी सांगतो, त्या दिवशी चुलीला काडी लावावी लागली नाही; ती नुसती समोर बसली आणि भाकरी फुगली. भिवाजी शांत माणूस. तो म्हणाला, “जाऊ दे वो. दुसरीकडं काम पाहू.”

“काम कोन मांगून राहिलं तुमाले?” ती त्याच्यावरच धावली. “मले त्याचं तोंड पाह्यजे. ज्या तोंडानं ओटी झटक म्हनलं, त्याच तोंडानं चुकलं म्हन्याले पाह्यजे. तुमाले चालते का, तुमच्या बायकोची झडती घेतलेली?”

“नाई चालत.”

“मंग भाकर काऊन खाऊन राहिले आरामात?”

भिवाजीनं हातातला घास खाली ठेवला. त्याला भूक होती, पण ठेवला.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे पांढुर्ण्याची गोटमार, नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा. सारं तिगाव जाम नदीकडे लोटलं. पंचफुला घरातच बसून राहिली. गेली असती तर तिनं एक गोटा असा भिरकावला असता की तो नदी ओलांडून तिगावात पाटलाच्या कौलांवर पडला असता. तिचा नेम तिला माहीत होता. गोटमार निवली, दुकानं उघडली, तेव्हा ती रुळाच्या कडेनं पांढुर्ण्याला निघाली. त्याच वेळी तिगावहून पॅसेंजर सुटली होती. पंचफुला आधी पोहोचली. उत्तम, तू फाटकावर होतास ना? सांग मंडळींना. पाहा, गप्प बसला. म्हणजे खरं आहे.

वामन तिच्या बहिणीचा पोरगा. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान म्हणजे एक खोली, तिच्यामागे घर आणि अंगण. त्यानं जिनिंगवाल्यांसाठी एक मशीन बनवलं होतं. कापसाच्या गाडीत खिळा आला तर जिनात ठिणगी पडते आणि अख्खा ढीग पेटतो; म्हणून खिळा आधीच हुडकायचा. मशीन म्हणजे रेडिओच्या खोक्यात चार सेल आणि एक भोंगा, त्याला बांबू, आणि बांबूच्या टोकाला तारेचं वेटोळं, बशीएवढं. ही त्याची कॉइल. मशीन चालू केलं की ते डासासारखं गुणगुणायचं. कॉइलखाली धातू आला की गुणगुण चढत चढत शिट्टी व्हायची.

पंचफुलानं सगळं सांगितलं. सांगताना तिनं काउंटरवरच्या एका रेडिओवर मूठ आपटली, तर महिनाभर मुका पडलेला तो रेडिओ बोलायला लागला.

“मावशी, राग समजते मले,” वामन म्हणाला, “पन ही कॉइल बशीएवढी हाय. चार बोटं खोल पाहते, बास. बैलाचं पोट किती खोल! मोठी कॉइल गुंडाळा लागंन.”

“मंग गुंडाळ ना! पाहून काय राहिला माह्या तोंडाकडं?”

मोठी कॉइल गुंडाळायला मोठं कडं हवं, तेही लाकडाचं, लोखंडाचं चालत नाही. वामन स्वयंपाकघरात गेला आणि इंदूची, म्हणजे त्याच्या बायकोची, पिठाची चाळणी घेऊन आला. जाळी काढून फेकली. नुसतं लाकडी कडं उरलं.

“अवो, मी पीठ कायनं चाळू?” इंदू ओरडली.

“पदरानं,” वामन म्हणाला. त्या उत्तरासाठी त्याला पुढे किती दिवस कोंड्याच्या पोळ्या खाव्या लागल्या, ते वेगळं प्रकरण आहे.

बंद पडलेल्या मोटारीतली तांब्याची तार उलगडून त्यानं वेढ्यावर वेढा चढवला. पंचफुला तार ताणून धरायची. ती इतक्या रागानं ओढायची की वामनला दोनदा म्हणावं लागलं, “मावशी, तार हाय, पाटलाची मान नाई.” वरून चिकटपट्टी, तिच्यावर सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद, म्हणजे कोणी हात लावला की मशीन उगाच बोंबलत नाही, आणि पुन्हा चिकटपट्टी.

“झालं ना? चाल तिगावले.”

“आधी तपासा लागते. बैलाचं पोट पाह्यजे.”

अंगणात बैल नव्हता. वामननं एका पोत्यात सरकीची भिजलेली ढेप भरली, वर ओला कडबा कोंबला, आणि इंदूच्या कानातलं एक सोन्याचं फूल मधोमध खुपसलं. इंदू आता चाळणी विसरून फुलासाठी ओरडायला लागली. वामननं आधी जुनी बशी पोत्यावर धरली. गुणगुण. नुसती गुणगुण. मग त्यानं नवी चाळणी बांबूला लावली, बटण फिरवलं, आणि ती पोत्याजवळ नेण्याआधीच भोंग्यानं अशी शिट्टी मारली की समोरच्या न्हाव्यानं दचकून गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली.

“सापडलं!” पंचफुला उठलीच.

“नाई मावशी. हे माह्या बुटाचे खिळे हायत.”

बूट काढले. तरी शिट्टी. इंदूच्या अंबाड्यातले आकडे निघाले. तरी शिट्टी. पंचफुलाची किल्ली निघाली, वामनचा पट्टा निघाला. चड्डीचं बटण लोखंडी होतं, तेही निघालं आणि वामन एका हातानं चड्डी धरून दुसऱ्या हातानं शास्त्र करू लागला. सगळं बाजूला झालं तेव्हा कुठे चाळणी गप्प झाली. पोत्यावर आली, कडेकडेनं फिरली, बरोब्बर मधोमध येऊन चढली आणि वाजली. फूल तिथंच निघालं. त्यानंतर तर ती चाळणी अशी तेज झाली की मध्येच आपण होऊन लांब सूर काढायची आणि हळूहळू उतरायची. हिशेब लावला तर कळलं, तिगावावरून मालगाडी जाते तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पाटलाच्या दारात. गल्ली पुन्हा जमली. तमाशा असेल तर गल्लीला बोलावणं लागत नाही. अलकाबाई दाराशी आल्या. गोफ गेल्यापासून त्या जेवल्या नव्हत्या, डोळे सुजले होते. त्यांनीच नवऱ्याला म्हटलं, “पाहू तर द्या.”

“बैलाच्या पोटात करंट सोडता?” पाटील.

“करंट नाई जी,” वामन म्हणाला. “नुसतं ऐकते ते.”

शेंब्या काढल्या, घुंगुरमाळ काढली, घंटी काढली. पाटलाला घड्याळ काढून लांब उभं राहायला सांगितलं. त्याचाही त्यांना राग. पंचफुलानं मोरखी धरली. जमादारानं तिचा हात चाटला. तिनं हात झटकून घेतला, आज तिचं त्याच्याशीही भांडण होतं.

वामननं चाळणी पोटाखालून नेली. गुणगुण. उजवी कूस. गुणगुण. डावीकडे, पुढच्या पायामागे, छातीच्या खाली आला आणि भोंगा किंचाळला. सगळी गल्ली एक पाऊल मागे. त्यानं चाळणी काढली, पुन्हा आणली. पुन्हा त्याच जागी किंचाळला.

पंचफुलानं पाटलाकडे पाहिलं. “ऐकलं?”

“ऐकलं,” पाटील म्हणाले. “खिळा असंन. बैलाच्या पोटात खिळा, तार, काय नसते? काय रे वामन, तुह्यं मशीन सांगते का, सोनं हाय का लोखंड हाय?”

वामननं मान खाली घातली. “नाई जी. धातू हाय इतलंच सांगते.”

“झालं मंग! अन् मशीन कोनाचं? हिच्याच भाच्याचं. चोराची साक्ष चोराचा भाचा.”

“चोराचा भाचा” ऐकलं आणि पंचफुलाच्या डोळ्यांपुढे लाल झालं. ती आधी वामनवर तुटून पडली. “तोंड हाय का नाई तुले? सोनं हाय म्हनून सांगता आलं नाई?”

“खोटं कसं सांगू मावशी?”

“तं सौंसरचा ढोरडॉक्टर बोलवा, पोट उघडून पाहा!” ती पाटलाकडे वळली.

“माह्या बैलाले सुरी लावंन त्याचा हात तोडीन,” पाटील गरजले. “माह्यासाठी गोफ गेला अन् तू चोरला. खलास.”

आता करायचं काय? सुरी लागणार नाही, मशीन बोलणार नाही, पाटील मानणार नाही. पंचफुलाला आजूबाजूचे चेहरे दिसत होते. तिथं कोणालाच गोफाचं पडलेलं नव्हतं, आणि तिची ओटी मात्र सगळ्यांच्या लक्षात राहणार होती. भाकरी वाढताना, पाण्यावर, लग्नात, मौतीत. पंचफुला? हां, तीच ना ती गोफवाली? राग काढायला तिला माणूस उरला नाही. समोर जमादार उरला. तो निवांत उभा होता, डोळे अर्धे मिटून, रवंथ करत.

“चावून राहिला? अजून चावून राहिला?” तिनं मोरखी ओढून त्याचं थोबाड आपल्या तोंडासमोर आणलं. “तुह्या पायात काटा रुतला तवा दातानं उपसला मी. तुले आफरा आला तवा रातभर पोट चोळलं मी, याचे घरचे घोरत होते! अन् तुह्यापायी माही ओटी झटकली भर गल्लीत, अन् तू उभा राहून पोळी चघळत होतास! देव म्हनतेत तुले. असा देव? खाल्लं तं बोल! काढ भायेर!”

बैल रवंथ करतो म्हणजे पोटातलं पुन्हा तोंडात आणतो, हे शेतकऱ्याच्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. जमादारानं एक घास गिळला. आणि दुसरा वर आणण्यासाठी त्याच्या मानेत ती गाठ सरकायला लागली, तोच वामनच्या हातातली चाळणी हलली. आधी शिट्टी छातीखाली होती, तिथं ती मंद झाली. वामननं चाळणी पुढे नेली, शिट्टी चढली. मानेच्या मुळाशी नेली, आणखी चढली. “मावशी,” तो ओरडला, “वर येऊन राहिलं! थांबू नको, बोलत राह्य!”

“थांबतो कोन!” पंचफुला म्हणाली आणि पुन्हा सुरू झाली. यावेळी तिनं जमादाराच्या आईला, आजीला, त्याला विकणाऱ्या व्यापाऱ्यालाही सोडलं नाही. चाळणी गळ्यावरून जबड्यावर आली. जमादार चावायला लागला आणि कचकन काहीतरी वाजलं. त्यानं ते थुंकलं. खिळा. गंजलेला, वाकडा.

गजाननराव पाटील दोन्ही मांड्यांवर हात मारून हसले. “पाह्यलं? म्हनलं होतं ना? खिळा!”

त्या हसण्यानं पंचफुलाचा उरलासुरला बांध फुटला. ती आता शब्द बोलत नव्हतीच. ती जमादाराच्या कानात अशी ओरडली की तिगाव स्टेशनवर सिग्नल पडला आणि फाटकावरच्या माणसानं गाडी नसताना फाटक लावलं. उत्तम, खाली पाहू नको, तूच होतास तो. जमादारानं डोळे पांढरे केले. मानेत पुन्हा गाठ सरकली, ही मोठी. चाळणी तिच्यासोबत धावली, छातीवरून गळा, गळ्यावरून जबडा, आणि शिट्टी इतकी बारीक झाली की माणसांना ऐकू येईना, नुसती गल्लीतली कुत्री रडायला लागली. जमादाराचा जबडा हलला. एकदा. पुन्हा. आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून हिरव्या लाळेसोबत काहीतरी पिवळं, वळ्यावळ्यांचं, लोंबायला लागलं.

पंचफुलानं टोक धरलं आणि ओढलं. गोफ. आख्खा, एक कडी तुटलेली नाही.

अलकाबाई रडत खाली बसल्या. पंचफुलानं गोफ त्यांच्याकडे दिला नाही. पाटलाकडेही दिला नाही. ज्या दगडावर तिची किल्ली वाजली होती, त्याच दगडावर तिनं गोफ ठेवला, लाळेसकट, आणि बाजूला झाली.

“पाटील,” ती म्हणाली, “मी थांबली हाव.”

भिवाजी मागे उभा होता, तो पुढे आला आणि बायकोच्या शेजारी उभा राहिला. पाटलानं गोफाकडे पाहिलं. बैलाकडे पाहिलं. लोकांकडे पाहिलं. मग गजाननराव पाटलानं डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हात जोडले, आणि गल्लीच्या शेवटच्या घरात खाटेवर पडलेल्या म्हातारीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पंचफुलाबाई, माह्यं चुकलं. तुमची ओटी झटकाले नव्हती पाह्यजे. मी या सगळ्यांसमोर—”

“थांबा, बाबा,” उत्तम म्हणाला. त्यानं माझी गोष्ट फाटकासारखा हात आडवा करून तिथंच अडवली. “चाळणी मानली मी. मालगाडीबी मानली. बैलानं रवंथात सोनं वापस केलं, तेबी मानलं. पन गजानन पाटलानं टोपी काढून पंचफुलेले हात जोडले? भर गल्लीत? हे खोटं हाय, बाबा. साफ खोटं.”